पहिलाच साप, आणि तोही अजगर?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे उन्हाळी धानाचं चुरणं होतं, मग लग्नसराई, मग कूलरचा पंप जळला... असो. आज लिहायला बसलोय ते भाचीमुळे. नातेवाईक मंडळी हे वाचतातच, त्यामुळे आधीच सांगून ठेवतो : पोरीला कोणी फोन करून रागवायचं नाही. तिने चोरून काही केलेलं नाही, विचारून केलंय.

तर झालं असं की पुण्यात शिकणाऱ्या आमच्या भाचीला साप पाळायचाय. बॉल पायथन. म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. ताईने नेहमीप्रमाणे चेंडू माझ्याकडे टोलवला. "तू कारध्यात राहतोस, तुला सापांचं कळतं, तू म्हणशील ते." कारध्यात राहिल्याने सापांचं कळतं हा शोध ताईचाच! पण एका अर्थी खरंही आहे. वैनगंगेच्या काठावरचं गाव, मागे धानाच्या बांध्या, धान म्हटलं की उंदीर आणि उंदीर म्हटला की साप. ऑगस्ट 2020 च्या महापुरात तर किती साप कोणाकोणाच्या छपरांवर आणि माळ्यांवर येऊन बसले होते, त्याची मोजदाद नाही. धोक्याची पातळी 245 मीटर, हे कारधा पुलावरचं पाणी रोज रेडिओसारखं ऐकणारे लोक आहोत आम्ही. पाणी चढलं की माणसं आणि जनावरं एकाच उंच जागेवर येतात.

आमच्या घरात सापाचं नाव घेत नाहीत हेही सांगायला हवं. माझ्या थोरल्या काकांना मण्यारीचं पान लागलं होतं. जमिनीवर झोपले होते, पावसाळा होता, सकाळी उठलेच नाहीत. मण्यार चावलेलं कित्येकदा कळतही नाही, दुखत नाही, सूज येत नाही. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. पण आई अजूनही अंथरूण झटकल्याशिवाय पाठ टेकत नाही, आणि भाचीचा बेत कानावर गेल्यावर तिचं एकच वाक्य होतं, "घरात किडा आनून पोसतेत का कोनी?" आता भाची दर मे महिन्यात महिनाभर इथे येते. साप आणला तर तोही येणार. म्हणजे प्रश्न नुसता पुण्याचा नाही. :)

मी ठरवलं, आईची भीती एका पारड्यात आणि पोरीचा हट्ट दुसऱ्या पारड्यात असं करायचं नाही. आधी त्या प्राण्याबद्दल नीट वाचायचं.

आणि वाचल्यावर कबूल करावं लागलं की प्राणी गोड आहे. घाना, टोगो, बेनिन या भागातला. मोठा झाला की साधारण तीन ते पाच फूट, मादी नरापेक्षा मोठी. विष नाही. घाबरला की चावण्याऐवजी डोकं मधे लपवून स्वतःची गुंडाळी करतो, म्हणून नाव बॉल. इंग्लंडात याला रॉयल पायथन म्हणतात. बेनिनमध्ये विदा नावाच्या गावात तर या अजगरांचं देऊळ आहे, तिथे हे साप मोकळे फिरतात आणि गावात कोणाच्या घरी शिरले तर लोक मानाने परत आणून सोडतात. हे मी आईला सांगितलं. नागपंचमीला भिंतीवर काढलेल्या नागाला दूध-लाह्या ठेवणारी आई म्हणाली, "देव असला तर देवळातच राहू दे न मंग."

नवशिक्यांसाठी हा साप उत्तम, असं जगभर सांगतात ते का, हे मला पटलं. शांत आहे, हळू आहे, हातात घेऊ देतो, फार मोठा होत नाही. पण "चावत नाही" आणि "सांभाळायला सोपा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणारे त्या एकाच दमात सांगतात.

सगळ्यात आधी तापमान. या सापाच्या पेटीत एक बाजू उबदार लागते, 31 ते 33 अंशांच्या आसपास, आणि दुसरी थंड, 25 ते 27 च्या. त्याला हवं तेव्हा तो इकडून तिकडे सरकतो. हवेत दमटपणाही हवा, साठ टक्क्यांच्या जवळपास, नाहीतर कात नीट निघत नाही, डोळ्यांवर अडकते. सगळी पुस्तकं पेटी गरम कशी करायची ते शिकवतात, कारण ती थंड देशात लिहिलेली आहेत. गार कशी करायची ते कोण सांगणार? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. दुपारी लाइन गेली की कूलर बंद, आणि खोलीचा भट्टा होतो. माणूस ओला गमछा डोक्यावर घेऊन ओसरीत बसतो. काचेच्या पेटीतला साप कुठे बसेल? त्याची "थंड बाजू" 38 अंशांची झाली तर त्याला सरकायला जागाच उरत नाही. आणि डिसेंबरच्या रात्री उलटं, तेव्हा दहाच्या खाली जातं.

मग खाणं. उंदीर. गोठवलेले आणून, वितळवून, कोमट करून चिमट्याने द्यायचे. पिल्लू असताना आठवड्याला एक, मोठा झाला की दोन-चार आठवड्यांनी. आमच्या फ्रीजरमध्ये कुल्फीचे साचे असतात. पुढचं लिहीत नाही. पण गंमत सोडली तर खरी अडचण पुढे आहे : हा साप मधेच जेवण सोडतो. आठवडे नव्हे, कधी कधी महिनेच्या महिने. निरोगी सापही सोडतो आणि आजारी सापही सोडतो. यातला कोणता कोणता हे पहिल्यांदाच साप पाळणाऱ्याला कसं कळणार? कुत्रा आजारी पडला तर तोंडाकडे बघून कळतं. साप वजन करून कळतो, वही ठेवून कळतो. आणि कळल्यावर दाखवायचं कोणाला? भंडाऱ्यात गाई-म्हशींचे चांगले डॉक्टर आहेत, सापासाठी मात्र निदान नागपूर गाठावं लागेल.

आणि वय. पाळलेला बॉल पायथन वीस-तीस वर्षं सहज जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात एक मादी 1961 पासून आहे, आणि 2020 मध्ये, वयाच्या साधारण बासष्टाव्या वर्षी, पंधराएक वर्षं नराचं तोंडही न बघता तिने सात अंडी घातली! भाची आज एकोणीस वर्षांची आहे. नोकरी, बदली, लग्न, घरमालक, सासर... या सगळ्यात पेटीही सोबत. पोपट, मांजर शेजारी ठेवून जाता येतं. साप कोणाकडे ठेवणार, आईकडे?

आता कायदा. हा भाग भाचीला माहीत नव्हता, आणि मला वाटतं पुष्कळांना नसतो. आपला देशी साप, कोणताही, घरी पाळता येत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, आपला अजगर त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. परदेशी प्राण्यांबाबत आधी मोकळं रान होतं. 2020 मध्ये केंद्राने स्वतःहून नोंद करण्याची सवलत दिली, मग 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, ती एप्रिल 2023 पासून लागू झाली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये नोंदणीचे नियम आले. बॉल पायथन यात येतो. म्हणजे पाळणं गुन्हा नाही, पण परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी, हस्तांतर कळवायला हवं, मेला तरी कळवायला हवं.

आणि येतात कुठून हे साप? डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते, बिस्किटांच्या आणि केकच्या पाकिटांत कोंबलेले. ते परत पाठवले गेले. जे सापडत नाहीत ते कुठे जातात हे सांगायला ज्योतिषी नको. भाचीला ज्याने साप देऊ केला होता त्याचा निरोप मी वाचला. "पेपर नंतर होतात, आधी टोकन पाठवा, शनिवारपर्यंत होल्ड करतो." रंगीत जातीच्या पिल्लाचा फोटो, डोक्यावर कोळ्यासारखी जाळी. ही स्पायडर नावाची जात दिसते फार सुंदर, पण हिच्या डोक्याचा तोल जन्मतःच बिघडलेला असतो. मान थरथरते, कधी उलटीच होते. ते त्या निरोपात नव्हतं.

एक गोष्ट मात्र पुण्याच्या मंडळींना कळणार नाही, ती इथे राहूनच कळते. आमच्या भागात कोका, नागझिऱ्याच्या जंगलात आणि नदीकाठाने खरे अजगर आहेत. आणि इथे दर पावसाळ्यात कोणीतरी घोणशीला अजगराचं पिल्लू समजून हात लावतो. जाड अंग, तपकिरी रंग, अंगावर ठिपके, संथ हालचाल, लांबून तशीच दिसते. घोणशीच्या ठिपक्यांची साखळी रेखीव असते, अजगराचे चट्टे वेडेवाकडे असतात, हे आमच्या गावच्या सर्पमित्राने मला दहा वेळा समजावलंय, तरी अंधारात मी पैज लावणार नाही. भाचीच्या हाताला सापाची सवय होईल, भीती जाईल, आणि मग मे महिन्यात ती इथे अंगणात विटा उचलेल... मला खरी धास्ती त्या पेटीतल्या सापाची नाही, या सवयीची आहे. थोरल्या काकांच्या घरात हे बोलल्याशिवाय राहवत नाही.

तरी मी "नाही" म्हटलेलं नाही. शेजारच्या काकूंना हे पटलं नाही, ताईला त्याहून नाही. पण पोरगी ज्या डोळ्यांनी सापाकडे बघते, त्या डोळ्यांनी आमच्या घरात आजवर कोणी बघितलं नाही, आणि ते मला आवडतं.

मी तिला दोन अटी घातल्या. पहिली, विकणाऱ्याकडून नोंदणीचा क्रमांक आणि तुझ्या नावे हस्तांतराचा कागद, पैसे देण्याआधी. दुसरी, पेटी आण, दिवे लाव, पाण्याचं भांडं ठेव, आणि एक वर्ष रिकामी चालव. उन्हाळा, पावसाळा, थंडी. रोज दुपारी तीनला आणि रात्री दहाला दोन्ही बाजूंचं तापमान मला कळव. वर्षभर आकडे जागेवर राहिले तर सापाचे पैसे मामा देईल, आणि आजीची समजूतही मामाच घालेल.

पहिल्या अटीचा निकाल दोन तासांत लागला. क्रमांक मागितल्यावर त्या माणसाने तिला ब्लॉक केलं. ती रात्रभर रडली असं ताई म्हणते. दुसरी अट तिने मनावर घेतलीय. बाजीराव रोडवर कुठूनतरी जुनी काचेची पेटी आणली, दोन थर्मामीटर लावले, आत लपायला मडक्याचा तुकडाही ठेवला. सुट्टीत इथे येताना पेटी घेऊनच आली, रिकामी. आई पहिले दोन दिवस त्या खोलीत गेली नाही. तिसऱ्या दिवशी मडक्याच्या तुकड्याखाली वाकून बघून आली, काही नाही ना म्हणून.

कालचे आकडे, दुपारी तीन वाजताचे : गरम बाजू 41, थंड बाजू 39. लाइन दीड तास नव्हती.