ट्रॉम्बोनची मींड

बडोदेकर मराठी माणसाला गाण्याचे वेड वारशानेच मिळते. १८८६ मध्ये महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा इथे सुरू झाली, पुढे उस्ताद फैय्याज खाँ दरबारगायक झाले. जॅझशी आपली ओळख मात्र सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’पुरती (१९५१). त्या संगीताला गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा हातभार होता, हेही पुष्कळांना ठाऊक नसते.

कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीने अलीकडे मला एक जुनी ध्वनिमुद्रिका ऐकवली, ‘ब्लूज-एट’. मे १९५९ मध्ये कर्टिस फुलर या ट्रॉम्बोनवादकाने चार साथीदारांसह ती केली. अनाथाश्रमात वाढलेला हा कलावंत २०२१ मध्ये गेला. या बाजाला ‘हार्ड बॉप’ म्हणतात. ब्लूज आणि चर्चमधल्या गाण्यांचा ओलावा त्यात मुरलेला असतो.

‘फाइव्ह स्पॉट आफ्टर डार्क’मध्ये ट्रॉम्बोन आणि बेनी गोल्सनचा सॅक्सोफोन मिळून मुखडा मांडतात. मग एकेक जण आपापला विस्तार करतो आणि शेवटी सगळे मुखड्यावर येतात. बंदिश ऐकलेल्या कानांना हे परके कसे वाटावे?

मला खरे नवल वाटले ते वाद्याचे. आपल्या पेटीला पट्ट्या असतात, म्हणून तिच्यातून मींड निघत नाही. ट्रॉम्बोनला सरकती नळी असते. तिच्या सात जागा ठरलेल्या, पण नळीवर खूण एकही नाही. हात कुठे थांबवायचा ते कानाने ठरवायचे. म्हणून तो स्वर माणसाच्या गळ्यासारखा घसरत, रेंगाळत येतो.

ऐकताना मनात आपल्या भाषेचा विचार आला. बडोद्यातली आमची ही चौथी पिढी. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. लेक ‘चालेल’ऐवजी सहज ‘चालशे’ म्हणते आणि पुण्याचे नातलग हसतात. तिच्या मुलांच्या तोंडी मराठी असेल का, ही काळजी मला रात्री जागवते. सीमाभागातल्या वाचकांना ती वेगळी सांगायला नको.

इथे पाट्या किंवा बाजार यांपैकी कशाचाच मराठीला फारसा आधार नाही. उरतो तो कान. म्हणून आता रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे टीव्ही बंद असतो आणि गप्पा मराठीतच होतात. शब्द चुकला तरी कुणी हसायचे नाही, नुसता बरोबर शब्द आपल्या बोलण्यात आणायचा. परवा लेकीने आजीला पुरणाची कृती विचारली. अर्धा तास दोघी बोलत होत्या. ‘चालशे’ दोनदा आले, पण बाकी सगळे सुरात होते.