पेटीच्या आतले लाकूड

दुरुस्ती आणि नूतनीकरण हे शब्द आपण सहसा एकाच अर्थाने वापरतो. वस्तुतः दोहोंत मूलभूत अंतर आहे. वर्षानुवर्षे पाठचिकित्सा शिकवूनही ते आम्हां दोघांना जितके उमगले नव्हते, तितके सोनईत व्हिडिओ गेमची एक जुनी पेटी दुरुस्त करताना उमगले.

कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हा खेळ आपल्याकडे त्यातल्या एका पात्राच्या नावाने, ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखला गेला. नाण्यावर चालणाऱ्या अशा खेळांवर आमच्या पिढीची कितीतरी दुपार खर्ची पडली. पार्लरचे मालक वारल्यावर त्यांच्या मुलाने पेटी भंगारात काढली, तेव्हा ती आम्ही मागून घेतली. आतले सर्किट परदेशी असले, तरी पेटी सोनईतल्याच सुताराच्या हातची.

अशा पेटीतली पिक्चर ट्यूब दोघांनी उचलावी इतकी जड असते. ती ज्या फळीवर बसते, ती फळी दोन बाजूंच्या आडव्या पट्ट्यांवर टेकलेली होती. डावी पट्टी टोकापासून उभी चिरली होती. आधी गिरमिटाने भोक न पाडता टोकाजवळ स्क्रू पिळला की लाकूड तंतूंच्या दिशेने उलते. उजवी ओल लागून कुजली होती. वीज बंद केल्यावरही ट्यूबमध्ये धोकादायक भार शिल्लक राहू शकतो. म्हणून टीव्ही मेकॅनिकला बोलावून तो उतरवून घेतला आणि मगच ट्यूब बाहेर काढली.

सुतार म्हणाले, “सर, सगळं काढून नवं प्लायवूड ठोकून देतो. आतलं कोण बघतंय?”

सल्ला व्यवहाराला धरून होता. परंतु पट्ट्यांवर पेन्सिलीची अक्षरे दिसली : एकीवर ‘डावी’, दुसरीवर ‘ऊजवी’. त्या दीर्घ ‘ऊ’पाशी आम्ही थबकलो. करणाऱ्याच्या हाताची एवढीच खूण उरली होती, आणि नेमकी तीच पट्टी कुजलेली!

डावीचा प्रश्न सोपा होता. चीर हलकेच उघडून आत फेव्हिकॉल उतरवला, शिकंज्यात आवळून दिवसभर ठेवली. तंतूंना समांतर फाटलेले लाकूड नीट चिकटले की सांधा लाकडाइतकाच दणकट होतो. उजवीला मात्र सागवानाची नवी पट्टी आली. तिच्यावर ‘ऊजवी’ तसेच लिहावे, असे आमच्यापैकी एकाचे मत. ती नक्कल ठरेल, असे दुसऱ्याचे.

निवाडा आमच्याच तालुक्यातून मिळाला. परंपरेनुसार ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशात, खांबाला टेकून. पुढे तिच्यात अपपाठ शिरले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ती शुद्ध केली आणि तीत कुणी आपली ओवी घालू नये असे बजावले. एवढ्या मोठ्या कवीने आपली प्रतिभा बाजूला ठेवून दुसऱ्याच्या शब्दांची राखण केली. कुजलेले काढावे लागते. पण घातलेले नवे जुन्याच्या नावावर खपवू नये, हा विवेक आम्हांला त्यातून घेता आला.

नव्या पट्टीवर आम्ही फक्त तारीख घातली. ‘ऊजवी’ लिहिलेला तुकडा वाळवून पेटीच्या तळाशी ठेवला आहे. पुढे कधी दुसऱ्या सुताराने पेटी उघडली, तर दोन्ही त्याच्या हाती लागतील.