सोळा नंबर मोकळा ठेवा

जहाजाच्या ब्रिजवरचा व्हीएचएफ रेडिओ दिसायला अगदी साधा असतो. तो सतत चॅनेल 16 ऐकत असतो, म्हणजे 156.8 मेगाहर्ट्झ. जहाज कुठल्याही देशाचं असो, समुद्र कुठलाही असो, संकटात हाक याच चॅनेलवर मारायची. शेजारचा रिसीव्हर चॅनेल 70 वर असतो. तिथे माणसाने बोलायचं नाही, तिथे यंत्रंच एकमेकांना अंकांतून संकटाचा इशारा देतात. मी सेकंड ऑफिसर आहे आणि ही यंत्रं माझ्या ताब्यात असतात.

त्यासाठी जीएमडीएसएसची, म्हणजे सागरी संकटसंपर्क यंत्रणेची, परीक्षा द्यावी लागते. दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा ती घेते. त्या फ्रिक्वेन्सी पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे देवगाव रंगारीतली आमची विहीर यायची. विहीर सामाईक, भावाभावांचे हिस्से सातबाऱ्यावर लिहिलेले आणि पाळ्या ठरलेल्या. अद्रक कितीही सुकायला आली तरी चुलत्यांच्या पाळीत आमच्या वडिलांनी कधी स्टार्टरला हात लावला नाही. रेडिओलहरींच्या पाळ्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो. दर तीन-चार वर्षांनी सगळे देश एकत्र बसतात आणि कोणता पट्टा कोणाचा, यावर आठवडेच्या आठवडे वाद घालतात. 2023 ची बैठक दुबईत झाली.

हे नियम माणसं मेल्यावर सुचलेले आहेत. 1912 साली टायटॅनिकचा ऑपरेटर प्रवाशांचे खासगी निरोप पाठवण्यात गुंतलेला होता. जवळच्या कॅलिफोर्नियन जहाजाने बर्फाची सूचना द्यायला सुरुवात केली, तर त्याने त्यालाच गप्प केलं. पुढे कॅलिफोर्नियनचा एकुलता एक ऑपरेटर सेट बंद करून झोपला आणि टायटॅनिकची हाक त्याने ऐकलीच नाही.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो विमान आणि जहाज यांच्यातल्या भिंतीने. विमानं 118 ते 137 मेगाहर्ट्झवर एएम पद्धतीने बोलतात, आम्ही 156 च्या आसपास एफएमवर. एएमवर दोन वैमानिक एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि गोंधळ झालाय हे कंट्रोलरला लगेच कळतं. एफएमवर जोरकस आवाज दुबळ्या आवाजाला गिळून टाकतो, आणि दुबळा कोणी होता याचा पत्ताही लागत नाही. पट्टे आणि पद्धती अशा वेगळ्या, म्हणून डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला आमच्या नेहमीच्या सेटवरून हाक मारता येत नाही. शोध आणि बचावाच्या वेळी बोलता यावं म्हणून प्रवासी जहाजांवर 121.5 आणि 123.1 चा वेगळा सेट सक्तीचा केलेला आहे. तटरक्षक दलाची डॉर्नियर विमानं उलट वाटेने येतात, ती आमचा सागरी सेट बाळगतात.

पण विमानाने सागरी चॅनेल वापरायचा तर उंचीची मर्यादा येते. जहाजाचा आवाज क्षितिजाच्या जरा पलीकडे जाऊन संपतो. दहा हजार मीटरवरच्या विमानाचा आवाज चारशे किलोमीटर पोहोचतो. आमच्या शेतावरून उंच जाणाऱ्या विमानाला मुंबईचा कंट्रोलर सरळ ऐकू शकतो तो यामुळेच. अशा उंचीवरून कोणी चॅनेल 16 वर बोलू लागला तर कितीतरी बंदरांचं काम अडेल. म्हणून सागरी सेवेत बोलणाऱ्या विमानाला एरवी तीनशे मीटर उंची आणि पाच वॉट शक्ती, एवढीच मुभा आहे.

ऑगस्टमधली दुपार होती. मासेमारीबंदी उठून थोडेच दिवस झाले होते. आम्ही रत्नागिरीच्या पश्चिमेला होतो आणि लाटा मोठ्या होत्या. 16 वर दोन जहाजं आरामात गप्पा मारत होती. तेवढ्यात त्यांच्यावर मात करत डॉर्नियरचा आवाज आला: सर्वांनी शांत राहा, संकटसंदेश चालू आहे. मग आमचं नाव घेऊन हाक आली. एका बोटीचं मशीन बंद पडलंय, पाणी शिरतंय, तुम्ही त्यातल्या त्यात जवळ आहात. बोटीची अँटेना जेमतेम चार मीटरवर. तिचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचतच नव्हता, विमानाने तो वरून ऐकला होता. विमान आणि आम्ही चॅनेल 6 वर गेलो. समुद्रात शोधकार्य करताना जहाज आणि विमानाने बोलायचं ते इथेच. ठिकाण घेतलं, कॅप्टनने जहाज वळवलं.

त्या गप्पिष्टांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. विमान नसतं तर त्या गप्पांखाली बोटीची हाक गाडली गेली असती, आणि बोलणाऱ्यांना ते कधी कळलंही नसतं. 2022 च्या लिलावात मोबाईल कंपन्यांनी दीड लाख कोटी रुपये मोजून लहरी घेतल्या. त्याच वर्षी विमानांच्या उंचीमापकांना त्रास होऊ नये म्हणून धावपट्टीच्या टोकांपासून 2.1 किलोमीटरपर्यंत 3300 ते 3670 मेगाहर्ट्झचे 5जी टॉवर उभारू नका, असं सरकारला सांगावं लागलं. चॅनेल 16 ला कोणी बोली लावत नाही. त्याची राखण, बटण दाबण्याआधी आपण ऐकतो की नाही, एवढ्यावरच आहे.

जहाज वळवल्यावर तासाभराने बोटीच्या तांडेलाचा आवाज थेट येऊ लागला. मी मराठीतच विचारलं, "पाणी किती?"

"उपसतोय. सात जण आहोत."

"सेट बंद करू नका. आम्ही येतोय."

आम्ही पोहोचलो तोवर त्यांच्याच गावची दुसरी बोट दोर टाकत होती. ओढणं सुरू होईपर्यंत आम्ही वाऱ्याच्या बाजूला आडवे उभे राहिलो, म्हणजे त्यांच्यावर लाट कमी येईल. मग मुंबईच्या बचाव समन्वय केंद्राने आम्हाला मोकळं केलं. संकट संपल्याचं जाहीर झालं आणि लगेच तांडेलाने 16 वरच विचारलं, "साहेब, गाव कुठलं तुमचं?"

मी म्हटलं, "72 वर या, सांगतो."