मुठीतला खेळ

पॅकमॅनला बटण नाही. 1980 साली नाम्कोने हा खेळ काढला, तेव्हा तोरू इवातानी आणि त्याच्या मंडळींनी खेळणाऱ्याच्या हाती फक्त एक दांडा दिला. तोही वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे एवढाच जाणारा. चक्रव्यूहात तिरपी वाट नाही, मग दांड्याने तिरपे जायचे कशाला? आज संगणकावर तोच खेळ सुरू करताना आपण हातात घेतो आठ दिशांचा दांडा, नाहीतर गेमपॅडची अंगठ्याखालची काडी. ऐन वळणावर अंगठा जरा तिरका पडतो, ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ असे दोन हुकूम एकदम सुटतात आणि पिवळा गोळा वळण चुकवून थेट भुताच्या तोंडी. आपण म्हणतो, वय झालं. वयाचा काही संबंध नसतो.

निकोला साल्मोरिया या इटालियन गृहस्थाने 1997 साली मेम हे सॉफ्टवेअर लोकांपुढे ठेवले. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या जुन्या यंत्रांतल्या चिप्स कशा चालत, त्याची नक्कल ते करते, आणि इतक्या निष्ठेने करते की नाणे टाकल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. कीबोर्डवर 5 दाबला की नाणे पडते आणि 1 दाबला की खेळ सुरू. म्हणजे यंत्राचे डोके सुखरूप आले. हात मात्र मागेच राहिला. त्या उभ्या लाकडी पेट्यांवर कुठे दांडा होता, कुठे चेंडू, कुठे नुसती गोल फिरणारी घुंडी. त्या काळी प्रत्येक खेळाला आपला वेगळा हात असे, आणि ते अगदी बरोबर होते असे माझे मत आहे. सगळ्यांना एकच पॅड ही पुढची काटकसर.

टेम्पेस्ट (1981) घ्या किंवा अर्कानॉइड (1986). दोन्हींत हाताशी एक घुंडी, कितीही फिरवा, कुठे अडत नाही. अर्कानॉइडमध्ये ती हळू फिरवली तर खालची फळी केसभर सरकते, जोरात फिरवली तर भिंतीपासून भिंतीपर्यंत झेपावते. हे काम बाणांच्या कळांकडून करून घेणे म्हणजे पेटीवर मींड काढायला सांगणे. घरात साधा माउस असेल तर तो लावावा, फार बरा चालतो. टॅब दाबला की मेमचा मेनू उघडतो, त्यात संवेदनशीलतेचा एक आकडा असतो. मनगट एकदा सहज वळवल्यावर फळी या टोकाहून त्या टोकाला गेली पाहिजे, तोवर तो आकडा वरखाली करत राहायचे. आकडा फार वाढवला तर फळी थरथरते, कमी ठेवला तर माउस उचलून उचलून मागे आणावा लागतो आणि तेवढ्यात चेंडू खाली. मिसाइल कमांड आणि सेंटिपीड हे चेंडूवर चालणारे खेळही माउसवर निभावतात, फक्त तळहाताची मजा जाते.

अ‍ॅस्टरॉइड्सची गंमत उलटी आहे. 1979 च्या त्या यंत्राला दांडाच नव्हता, नुसती पाच बटणे: दोन वळायला, एक पुढे रेटायला, एक गोळीला आणि एक जीव वाचवायला अंतराळात गुप्त होण्याचे. या खेळासाठी महागडी जॉयस्टिक घेणाऱ्याने पैसे वाया घालवले असे खुशाल समजावे. साधा कीबोर्ड मूळ यंत्राला जास्त जवळचा.

आमच्या पिढीचा हात मात्र घडला तो ‘मुस्तफा’वर. खेळाचे खरे नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा, 1993 चा. पण पार्लरमध्ये ते नाव कोणी घेत नसे. चार पात्रांतला एक मुस्तफा, आणि सगळ्यांना तोच हवा. ठोसा आणि उडी अशी दोनच बटणे. दोन्ही एकदम दाबली की भोवतालचे सगळे आडवे, पण स्वतःची ताकदही थोडी जायची. तिथले दांडे इतके ढिले, की कॉइन टाकण्याआधी पोरे एकमेकांना बजावत, “ए, उजवीकडचं घेऊ नको, त्याची उडी लागत नाही.” कंट्रोलर पारखून घेण्याचे शिक्षण ते हेच.

आता घरी प्लायवूडचा तुकडा कापून पॅनल करायचे, तर आधी बटणाच्या भोकाचे ठरवावे. जपानी बटणाला 30 मिलिमीटरचे भोक लागते. सुतार अंदाजाने पाडतो आणि मग कानस घेऊन बसावे लागते. दांड्यातही घराणी आहेत. जपानी दांड्याला वर गोळा आणि हलकी स्प्रिंग, कारण तिकडे बसून खेळायची रीत. अमेरिकी यंत्रापुढे उभे राहायचे, तिथे लांबट मूठ आणि ताठ स्प्रिंग. मला गोळा आवडतो, दोन बोटांच्या बेचक्यातून धरता येतो. सान्वा या जपानी कंपनीचा दांडा उलटा करून पाहावा: मध्ये स्प्रिंग, चार बाजूंना चार मायक्रोस्विच, आणि सगळ्यांत खाली दांड्याला आवरणारी चौकोनी खिडकी. ही खिडकी 45 अंशांत फिरवून बसवली की कोपरे चार मुख्य दिशांना येतात, तिरप्या वाटा आखडतात आणि पॅकमॅन ताळ्यावर येतो. क्यूबर्टला मात्र अख्खा दांडाच तिरपा लागतो, कारण तो ठोकळ्यांवरून फक्त कोनाकोनाने उड्या मारतो.

पण त्याच बंदिस्त दांड्यावर स्ट्रीट फायटर टू लावा आणि पाहा. त्यातल्या र्‍यूच्या हादोकेन या डावाला खाली, मग तिरपे, मग समोर आणि लगेच ठोसा. मधले तिरपेच निसटते आणि र्‍यू नुसता हवेत हात मारतो. म्हणून एक दांडा सगळ्यांना पुरत नाही. ज्याला पॅनल एकच करायचे आहे त्याने खिडकी आठ दिशांची ठेवावी आणि चार दिशांच्या खेळांपुरता तिरपेपणाचा बंदोबस्त मेमच्या सेटिंगमध्ये करावा. तडजोड आहे, पण चालते.

जुन्या यंत्रांत मायक्रोस्विचऐवजी धातूच्या पात्यांचे स्विच असत. टिक् असा आवाज नाही, पाते पात्याला टेकले की झाले. उशिरा लागतेय असे वाटले तर पक्कडीने किंचित वाकवायचे, मळले असेल तर दोन पात्यांमधून एखादे व्हिजिटिंग कार्ड फिरवायचे. असा दांडा कुठे मिळाला तर सोडू नये.

इतके करूनही खेळ हाताच्या मागे रेंगाळत असेल, तर दांड्याला शिव्या देण्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करून पाहावा. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रे येतात, म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम 17 मिलिसेकंद. चित्र साफसूफ करण्याच्या नादात टीव्ही अशा कितीतरी चित्रांएवढा उशीर करून बसतो.

राहता राहिला रोबोट्रॉन: 2084. हा खेळ रचणाऱ्या यूजीन जार्व्हिसचा उजवा हात अपघातात मोडला होता, बटण दाबणे जमेना. त्यातून 1982 च्या या यंत्रावर दोन दांडे आले, डाव्याने पळायचे, उजव्याने त्या त्या दिशेला गोळ्या झाडायच्या. आजच्या बहुतेक पॅडवर दोन काड्या आयत्याच असतात, त्यामुळे इथे करवत, ड्रिल काही लागत नाही. उजवी काडी मेनूत नेमून द्यायची आणि डेडझोन थोडा वाढवायचा, नाहीतर अंगठा नुसता टेकवला तरी गोळ्या सुटतात. फक्त पॅड हातात धरून खेळू नये. मूळ यंत्रावर दांडे पत्र्याला घट्ट आवळलेले असत, आणि चारी बाजूंनी रोबो आले की माणूस दांड्यांना अक्षरशः लटकतो. दोन बाजूंना जड पुस्तके लावून पॅड टेबलावर चिकटपट्टीने बसवला तर तिसऱ्या लाटेपर्यंत तरी टिकाव लागतो.