मॉर्फिन : बोरिवली ते परळ

बोरिवलीतल्या एखाद्या मेडिकलमध्ये जाऊन "मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का?" असं विचारून बघा. (नको, नका विचारू.) मी विचारलं होतं, तीन वर्षांपूर्वी, एका शनिवारी संध्याकाळी, ओळीने सात दुकानांत. बहुतेकांनी नुसती मान हलवली. एकाने चिठ्ठी हातातही घेतली नाही, आणि एकाने माझ्याकडे असं पाहिलं की मीच घाईघाईने डॉक्टरांचा शिक्का दाखवायला लागलो. च्यायला, मी काय गर्दुल्ला वाटलो की काय!

आत्याचा कॅन्सर तोवर मणक्यात उतरला होता. परळच्या डॉक्टरांनी दर चार तासांनी 10 मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली होती, सोबत पोट साफ व्हायचं औषध. गोळ्या परळलाच मिळायच्या. हिशोब माझ्याकडे होता, आणि तो चुकला. (दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो मी.) शनिवारी दुपारी शेवटची गोळी संपली. रविवारी ओपीडी बंद.

आयुष्यात कधी आवाज न चढवलेली माझी आत्या रविवारी रात्री मला म्हणाली, "अरे, काहीतरी कर ना." एवढंच लिहितो.

सोमवारी पहाटेच्या लोकलने दादर, तिथून टॅक्सी. परत येऊन गोळी दिली. तासाभरात तिने चहा मागितला.

मग मी वाचत सुटलो. आपल्याकडे 1985 साली एनडीपीएस कायदा आला. निशाणा होता तस्करांवर, पण मॉर्फिनही त्याच जाळ्यात. गुन्ह्याला किमान 10 वर्षं सक्तमजुरी. (2001 मध्ये मालाच्या प्रमाणानुसार शिक्षा ठरायला लागली.) हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, आणि सगळे एकाच वेळी चालू हवेत. एकाची मुदत संपली की बाकीचे कागद फुकट. कोण कशाला या भानगडीत पडेल? हॉस्पिटलांनी औषधच ठेवणं सोडलं. 1997 साली अख्ख्या देशात वापरलं गेलं फक्त 18 किलो मॉर्फिन, 1985 च्या मानाने सुमारे 97 टक्के कमी! आणि गंमत बघा, अफूची कायदेशीर शेती आपल्याच देशात होते. मध्य प्रदेशात नीमचला आणि उत्तर प्रदेशात गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. माल परदेशात जायचा.

आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉलला "सगळंच अडवा" असा नियम लावला. हल्ला थांबला की नाही ते माहीत नाही, पण ज्यांच्यासाठी सर्व्हर होता त्यांनाच आत येता येईना.

2014 मध्ये संसदेने कायदा बदलला. मॉर्फिन, फेंटॅनिल वगैरे औषधं 'अत्यावश्यक' ठरली, नियम देशभर सारखे झाले आणि मान्यताप्राप्त हॉस्पिटलांना राज्याच्या औषध प्रशासनाची एकच परवानगी पुरेशी झाली. म्हणजे माझ्या त्या शनिवारच्या कितीतरी आधी! कागदावरचा नियम बदलला, काउंटरमागची भीती तशीच. आणि एप्रिल 2018 मध्ये ट्रॅमाडॉलही एनडीपीएसखाली गेलं. मॉर्फिन नसलं की निदान तेवढं तरी मिळायचं, आता त्यालाही दुकानदार कचरतो.

न्यू जर्सीतला चुलतभाऊ म्हणतो, "तुमच्याकडे देत नाहीत तेच बरं." त्याला अक्कलदाढ काढल्यावर तीस गोळ्या दिल्या होत्या. त्याचंही खोटं नाही. तिथे 1996 ला ऑक्सिकॉन्टिन आलं, कंपनीने ते "फारसं व्यसन लागत नाही" म्हणून खपवलं, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. आपणही धुतल्या तांदळाचे नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीने मुंबईतल्याच एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल मिसळलेल्या गोळ्या घाना, नायजेरियात नशेसाठी विकल्या जातात हे दाखवल्यावर त्या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात सरकारने थांबवली. थांबवायलाच हवी होती. पण बनवणारा आणि खपवणारा एका टोकाला, आणि पलंगावरची आत्या दुसऱ्या. दोघांना एकच नियम लावला की आधी आत्याचंच औषध बंद होतं. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तरी दुकान असायला काय हरकत आहे?

असो. आत्या गेली तेव्हा कपाटात 22 गोळ्या उरल्या होत्या. कचऱ्यात टाकवेनात, घरात ठेवायची भीती. शेवटी परळला घेऊन गेलो. सिस्टरनी दोनदा मोजल्या, वहीत लिहिलं, मी सही केली. "पेशंटचं नाव?" त्यांनी विचारलं. सांगताना पहिल्यांदाच रडू आलं.