सरकारी, खासगी आणि सार्वजनिक

प्रसारमाध्यमांवरची एक अभ्यासपत्रिका आम्ही गेली काही वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवीत आहोत. मराठीच्या विद्यार्थ्यांना बातमी लिहिता यावी, मालिकेचे संवाद लिहिता यावेत, एवढाच तिचा माफक हेतू. उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मात्र दर वर्षी निरनिराळ्या हस्ताक्षरांत भेटते : ‘भारतात दूरचित्रवाणी वाहिन्या दोन प्रकारच्या आहेत, सरकारी व खासगी.’ चूक म्हणून गुण कापावेत, तर मुलांच्या अनुभवाला आलेले वास्तव हेच आहे. बरोबर म्हणून गुण द्यावेत, तर कायद्याने आणि सर्वोच्च न्यायालयाने कष्टाने उभा केलेला एक तिसरा शब्द आपणच लाल शाईने खोडल्यासारखे होते. तो शब्द ‘सार्वजनिक’. भाषेच्या अध्यापकांनी प्रशासनाच्या विषयात कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण हा प्रश्न आम्हांला मुळातच शब्दार्थाचा वाटतो.

मराठीपुरते पाहिले तर हा शब्द काही कालपरवाचा नाही. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, आणि तिचे मूळ एका व्यवस्थापनाच्या तक्रारीत होते. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार नीट चालत नाही, अशी गाऱ्हाणी होती. पण ती मांडणार कोण आणि कोणाच्या वतीने, हा पेच पडला. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी त्यावर काढलेला तोडगा विलक्षण होता. ज्याला सभासद व्हायचे त्याने निदान ५० जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. म्हणजे ‘सार्वजनिक’ असणे ही केवळ भावना नव्हती, तिला कागद लागत होता. जोशींना लोकांनी पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हटले ते उगाच नव्हे. अर्थात या सभेत शेतकरी आणि शूद्रातिशूद्र कितीसे आहेत, हा जोतीराव फुल्यांचा आक्षेपही तेवढाच खरा होता. त्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथाच्या नावातच हा शब्द घेतला, तो त्याची व्याप्ती वाढवून. तेव्हा या शब्दासोबत दोन प्रश्न आपल्याकडे वारशाने आले आहेत : तुमचे मुखत्यारपत्र कोठे आहे, आणि त्यावर कोणाकोणाच्या सह्या नाहीत?

विसाव्या शतकात ‘सार्वजनिक बांधकाम खाते’ वगैरे पाट्यांवर हा शब्द सरकारच्या घरी नांदू लागला आणि त्याचा कणा वाकला. आज ‘सार्वजनिक’ म्हणजे सरकारचे किंवा कोणाचेच नसलेले, असा अर्थ रूढ आहे. प्रसार भारती स्वतःला ‘लोकसेवा प्रसारक’ म्हणवते. हा शब्द ऐकताच आम्हांला तरी लोकसेवा आयोग आणि त्याची परीक्षाच आठवते. लोक त्यात आहेत खरे, पण सेवा घेणारे म्हणून. मालक म्हणून नव्हेत.

‘सार्वजनिक’ला त्याचा जुना अर्थ परत मिळण्याची संधी आली ती क्रिकेटमुळे. १९९३ च्या हिरो चषकाचे प्रक्षेपण बंगालच्या क्रिकेट संघटनेने एका परदेशी कंपनीला दिले, दूरदर्शन व केंद्र सरकार आडवे आले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ चा निकाल देणाऱ्या खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी होते. ध्वनिलहरी, म्हणजे ज्यांवरून प्रक्षेपण होते त्या वारंवारता, ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तिचा वापर समाजातील सर्व थरांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या एका स्वायत्त सार्वजनिक संस्थेच्या नियंत्रणाखाली व्हावा, आणि ती संस्था केंद्राने स्थापन करावी, असे न्यायालयाने सांगितले. न्या. रेड्डींच्या स्वतंत्र निकालपत्रातील भेद तर आम्ही वर्गात आवर्जून समजावतो. प्रसारण लोकांच्या नियंत्रणाखाली असावे आणि लोक म्हणजे सरकार नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केले. त्याच निकालपत्रात, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून खासगी प्रसारण केंद्र काढण्याचा हक्क आपोआप निष्पन्न होत नाही, हेही त्यांनी बजावले. सरकार आणि शेठजी या दोघांनाही एकाच निकालात दाराबाहेर थांबवणारा असा मजकूर आपल्या न्यायालयीन वाङ्मयात विरळाच.

दारात उभे राहिलेले दोघेही आत आले, हा पुढचा इतिहास. झी वाहिनी १९९२ मध्येच सुरू झाली होती, १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी. आकाश खुले झाले, मात्र न्यायालयाने सांगितलेली ती सर्वांची संस्था झाली नाही. २००७ मध्ये एक कायदा झाला खरा : राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही द्यावे. म्हणजे सार्वजनिक मालकीच्या या सगळ्या तत्त्वचिंतनातून सामान्य माणसाच्या पदरात पडले ते अखेर क्रिकेटच!

आता प्रसार भारतीकडे वळू. आणीबाणीत आकाशवाणी-दूरदर्शनची जी दशा झाली, तिच्यातून स्वायत्ततेची मागणी पुढे आली. १९७७ मध्ये नेमलेल्या बी. जी. वर्गीज समितीने विश्वस्त पद्धतीची ‘आकाश भारती’ सुचवली. १९७९ चे विधेयक लोकसभेबरोबर विसर्जित झाले. १९९० मध्ये प्रसार भारती कायदा संमत झाला आणि सात वर्षे कपाटात राहून १९९७ मध्ये अमलात आला. हा कायदा आम्ही मुळातून वाचला आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचावा, कारण त्यातली काही कलमे म्हणजे लिहून ठेवलेली पण रंगभूमीवर कधीच न आलेली पात्रे आहेत. संचालक मंडळ निवडायचे उपराष्ट्रपती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नियुक्त केलेली एक व्यक्ती यांनी; येथवर ठीक. पहिल्या मंडळावर निखिल चक्रवर्ती अध्यक्ष होते, रोमिला थापर होत्या, हिंदी कथाकार राजेंद्र यादव होते. पण मंडळाने ज्यांना उत्तर द्यायचे, ती संसदेची २२ सदस्यांची समिती कागदावरच राहिली. प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी योजलेली प्रसारण परिषदही तशीच. निर्देश देण्याचा केंद्राचा अधिकार मात्र कलमात शाबूत राहिला, आणि पगाराचा पैसाही केंद्राकडूनच येत राहिला. उत्तर मागणारे कोणी नाही आणि हुकूम देणारा आहे, अशा संस्थेला मुलांनी ‘सरकारी’ म्हटले तर त्यांचे काय चुकले?

सत्ता कोणाची, याने या रचनेत फरक पडत नाही. आणीबाणीतले सरकार एका पक्षाचे होते. २०१४ मध्ये नागपूरच्या विजयादशमी मेळाव्यातील सरसंघचालकांचे भाषण दूरदर्शनवरून थेट दाखवले गेले आणि २०१७ मध्ये त्रिपुराच्या मुख्यमंत्र्यांना स्वातंत्र्यदिनाचे भाषण बदलून मागितले गेले, तेव्हा दिल्लीत दुसऱ्या पक्षाचे सरकार होते. पक्षनिष्ठ मंडळी एकमेकांची उदाहरणे एकमेकांवर फेकतात. खुर्चीची घडण जशीच्या तशी राहते.

ती परिषद नसल्याने तिचे काम कोणी केले, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे. ते न्यायालयांनी केले, आणि कायदा अमलात येण्याआधीपासून. १९८८ मध्ये गोविंद निहलानी यांच्या ‘तमस’वर मुंबई उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली, तेव्हा न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. एरवी सरकारी म्हणून हिणवले जाणारे दूरदर्शन त्या वेळी फाळणीच्या हिंसेसारखा विषय देशापुढे ठेवत होते, हेही नोंदवले पाहिजे. भोपाळच्या वायुकांडावरील ‘बियॉन्ड जेनोसाइड’ हा पुरस्कारप्राप्त माहितीपट दूरदर्शनने नाकारला; तो दाखवावा लागेल, हे १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आनंद पटवर्धनांच्या ‘फादर, सन अँड होली वॉर’साठी तर २००६ साल उजाडले. ज्याच्यापाशी वकील आणि वर्षानुवर्षे थांबण्याची चिकाटी आहे, त्याची तक्रार ऐकली गेली. जळगावच्या किंवा सावंतवाडीच्या एखाद्या प्रेक्षकाला काही म्हणायचे असेल, तर त्याने कोठे जावे?

खासगी वाहिन्यांचे म्हणणे असे, की आमचे मुखत्यारपत्र आमच्यापाशी आहे, त्याचे नाव टीआरपी. रिमोटचे बटण म्हणजे मत, असा हा लोकशाहीचा दावा. पण मतदारयादी पाहू गेल्यास ती मीटर बसवलेल्या थोड्या घरांची. खेड्यांतला प्रेक्षक या मोजणीत रीतसर आला तो बार्कच्या व्यवस्थेत, २०१५ मध्ये. तोवर मराठी मालिकांतली कुटुंबे दिवाणखान्याबाहेर का पडत नव्हती, याचे एक कारण आम्हांला येथे दिसते. सगळे कारण अर्थातच नव्हे, कल्पनाशक्तीचा दुष्काळ मीटरवर ढकलता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपीतील कथित फेरफाराचा गुन्हा नोंदवला आणि वृत्तवाहिन्यांचे आकडे मार्च २०२२ पर्यंत जाहीर होणे थांबले. त्या काळात वृत्तवाहिन्यांचा आवाज आकडे नसतानाही खाली आला नाही, हे आम्ही कुतूहलाने पाहत होतो. आचारसंहितेचे म्हणाल, तर २००८ पासून वृत्तवाहिन्यांची आणि २०११ पासून मनोरंजन वाहिन्यांची स्वनियंत्रणाची व्यवस्था आहे, निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली. व्यक्ती आदरणीय, पण मंडळ वाहिन्यांच्याच संघटनेने नेमलेले. २०२१ च्या नियमांनी त्यावर तिसरी पायरी चढवली ती शासकीय समितीची. म्हणजे फिरून सरकार आणि शेठजी.

आमच्या पिढीतले पुष्कळ जण अशा वेळी जुन्या मुंबई दूरदर्शनच्या आठवणीत शिरतात. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक पडद्यावर शांतपणे बोलत, ‘ज्ञानदीप’ची मंडळे गावोगाव होती, ‘आमची माती आमची माणसं’ शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोले. आम्हीही ते कार्यक्रम शेजारच्यांच्या घरी सतरंजीवर बसून पाहिले आहेत आणि त्यांचे ऋण मानतो. पण ही स्मरणरंजनाची वाट धोक्याची आहे. ते कार्यक्रम चांगले झाले, कारण काही निर्माते चांगले होते आणि वरच्यांनी त्यांना अडवले नाही. तो आपला हक्क नव्हता, कोणाची तरी मेहेरबानी होती. निर्माते निवृत्त झाले तशी तीही संपली. पूर्वी टपाल कार्यालयात परवाना शुल्क तरी भरावे लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेही रद्द झाले, आणि प्रेक्षकाचा प्रसारणाच्या खर्चाशी असलेला एकमेव उघड धागा तुटला. ब्रिटनमध्ये बीबीसीशी भांडताना प्रेक्षक ‘माझ्या पैशाने’ अशी सुरुवात करतो. आपल्याकडे अशी सुरुवात करायला त्याच्यापाशी शब्द नाहीत.

प्रसार भारती कायद्याच्या बाराव्या कलमात, देशातील विविध प्रदेशांच्या भाषा-संस्कृतींना पुरेसे स्थान देण्याचे कर्तव्य स्पष्ट लिहिलेले आहे. मराठीपुरता त्याचा अर्थ सह्याद्री वाहिनी. तिच्यावर मराठी कविता किती वाजता असावी, कोल्हापूरची बोली आणि वऱ्हाडी यांना वाटा किती, जुन्या मुलाखतींच्या फिती महाविद्यालयांना कोणत्या अटींवर मिळाव्यात, हे प्रश्न कोठल्या बैठकीत निघतात? दिल्लीच्या मंडळावर मंत्रालयाच्या प्रतिनिधीची जागा कायद्याने राखीव आहे, कर्मचाऱ्यांच्या दोन आहेत. भाषेसाठी तेथे एकही नाही, प्रेक्षकासाठीही नाही. साहित्य संमेलनांतून मराठीसाठी वर्षानुवर्षे ठराव होतात. मुंबईच्या केंद्रापुरते एक प्रेक्षक मंडळ असावे आणि त्यात येणाऱ्याने निदान ५० सह्या आणाव्यात, असा एखादा ठराव आम्हांला आजवर वाचायला मिळालेला नाही. पुढच्या संमेलनासाठी त्याचा मसुदा आम्ही लिहायला घेतला आहे. सूचक मिळाले आहेत, अनुमोदक हवे आहेत.