मेंबरकीचा फॉर्म

“यंदा ग्रामपंचायतीला उभा राहाच,” पिंगळीच्या पारावर पुन्हा तोच विषय. रक्तदान शिबिर, नालीसफाई, निराधारांच्या पगाराचे फॉर्म हे सगळं करत होतो, तेव्हा कुणी माझी जात विचारली नव्हती. आता वॉर्डातली घरं भावकीनुसार मोजली जातायत. वीट येतो.

कागदपत्रं मात्र गोळा करतोय: थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा पुरावा, दोन अपत्यांच्या नियमामुळे अपत्यांचं घोषणापत्र. हिवरे बाजारला 1989 साली पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले, हे मंडळींना पाठ आहे. त्यानंतरचं श्रमदान, कुऱ्हाडबंदी कुणाला आठवत नाही.

संध्याकाळी शेजारच्या आजी पासबुक घेऊन आल्या. “मेंबर झाल्यावर माझा फॉर्म कोन भरंल रं?”